छप्पन्नची लय

“मास्तर, हा आकडा चुकून पडलाय का?” मी विचारलं.

पास्कोल मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या हातातला कागद नाकापाशी नेला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. मास्तर हल्ली कागद वाचत नाहीत, हुंगतात, असं आम्ही त्यांच्या माघारी म्हणत असू.

“छप्पन्न,” ते म्हणाले. “चुकून कोण छप्पन्न लिहितो रे बाबा? चुकून माणूस साठ लिहितो.”

पागेत बसलेले बाकीचे एकवीस जण हसले. पागा म्हणजे आमची तालमीची जागा. संस्थान होतं तेव्हा तिथे राजेसाहेबांचे घोडे बांधत. संस्थान विलीन झालं, घोडे गेले आणि बँड नगरपालिकेकडे आला. भिंतीतल्या लोखंडी कड्या मात्र तशाच राहिल्या होत्या, त्यांना आम्ही टोप्या अडकवायचो. गावाचं नाव बहिरेगड. बहिरेगडला बँड आहे म्हटलं की बाहेरगावचा माणूस हटकून हसतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. नाव बहिरोबावरून पडलंय आणि गाव चांगलं तिखट कानाचं आहे. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता गुलाबबागेतल्या दगडी चौथऱ्यावर लाल कोट घालून आम्ही तासभर वाजवायचो, आणि एखादा कॉर्नेट, म्हणजे आमची छोटी पितळी तुतारी, जरा घसरला तरी शेंगदाणेवाला पुडी बांधता बांधता मान वर करून बघायचा.

ही गोष्ट एकाहत्तर सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि बँडातला पहिला क्लॅरिनेट होतो. ‘पहिला’ हा शब्द मी त्या काळी जरा जास्तच जोरात उच्चारायचो.

मास्तर मूळचे गोव्याचे. राजेसाहेबांनी त्यांना तरुणपणी बोलावून आणलं आणि मग ते बहिरेगडचेच झाले. त्यांची एक पद्धत होती. बँडसाठी कुठलीही चीज लिहिली की कागदाच्या डोक्यावर मराठीत तीन ओळी घालायचे. लय, पट्टी आणि भाव. लय आकड्यात असे, कारण त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. चावी दिली की तिचा दांडा डोलायचा आणि मिनिटाला सांगाल तेवढे ठोके द्यायचा. तिला आम्ही टकटकी म्हणत असू. पट्टी म्हणजे कुठल्या सुरात वाजवायचं ते. भावाच्या ओळीत मास्तर काय लिहितील याचा मात्र नेम नसे. एका चीजेवर लिहिलं होतं, ‘लग्नाहून परत येताना’. एकीवर ‘मुलगी पास झाली’. एकीवर तर नुसतंच ‘ताक’. ती चीज आम्ही वाजवली तेव्हा खरंच उन्हातून येऊन ताक प्याल्यासारखं वाटलं.

या नव्या चीजेचं नाव होतं ‘रविवार’. तिच्यावर लिहिलं होतं: लय, छप्पन्न. पट्टी, बी-फ्लॅट. भाव, बसून बोलावं तसा.

आम्ही ती वाजवून पाहिली आणि माझा हिरमोड झाला. सगळे सूर पोटातले. कॉर्नेटला चमकायला जागा नाही, माझ्या क्लॅरिनेटला धावायला जागा नाही. चाल अशी की बैलसुद्धा कंटाळून पुढे निघून जावा. मधे युफोनियमला एकट्याला सोळा बार, म्हणजे तालाची सोळा आवर्तनं दिलेली, मिनिटभराचं काम, आणि तेही सगळं खालच्या अंगाने. दर दोन बारांनंतर थांबा. कोणीतरी ओसरीवर पाय पसरून बसलंय, चार शब्द बोलतंय, थांबतंय, पुन्हा बोलतंय, असं ते वाजायचं.

एरवी मी गप्प बसलो असतो. पण ‘रविवार’ पारखीसाठी होती.

पारख ही संस्थानी काळापासूनची रीत. वर्षातून एकदा, सव्वीस जानेवारीच्या आधीच्या रविवारी, बागेतल्या कार्यक्रमाला वरिष्ठ येऊन खुर्चीवर बसत आणि बँड ऐकत. दर वर्षी एका वाद्याची पाळी असे. त्या वाद्याने चीजेच्या मधे एकट्याने वाजवायचं. पारखीला जो उतरला नाही त्याची बदली जकात नाक्यावर. नोकरी जात नसे, पण लाल कोट जायचा. आयुष्यभर वाजवलेल्या माणसाने खाकी शर्ट घालून ट्रकपुढचा बांबू वरखाली करायचा. आमच्यात कोणी बेसूर वाजवलं की दुसरा म्हणायचा, “जा, बांबू धर.” थट्टाच ती, पण ऐकणारा त्या दिवशी तासभर जास्त वाजवून मगच घरी जायचा.

त्या वर्षी तर नवे मुख्याधिकारी धामणस्कर साहेब आले होते. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं की बँडातला एक माणूस कमी करायचा आहे, पारखीत बघू कोण ते. बावीस जण महिनाभर एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत होते. माझं मात्र वेगळंच चाललं होतं. मास्तरांचे डोळे गेले तर त्यांच्या हाताखाली मदतनीस नेमतील, आणि तो मीच असणार, हे मी मनाशी धरून बसलो होतो.

आणि पाळी होती युफोनियमची. म्हणजे तायाप्पामामांची.

तायाप्पा ऐवळे माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मामांनी मला पागेत आणून मास्तरांसमोर उभं केलं आणि म्हणाले, ह्याला फुंकायला शिकवा, न्हाईतर हा नुसता बोलतच राहील. युफोनियम म्हणजे मांडीवर घ्यायचं थोरलं पितळी वाद्य, आवाज जाड आणि मायाळू. पण मामांच्या तोंडी ते लागलं की वरच्या सुरांत असं चढायचं की राजेसाहेबांनी म्हणे एकदा मिरवणुकीत हत्ती थांबवून ऐकलं होतं. हत्तीची गोष्ट मामा स्वतः कधी सांगत नसत. मी सांगायचो, आणि दर वेळी हत्ती थोडा वाढायचा.

त्यामुळे बांबू कोणाच्याही नशिबी आला तरी मामांच्या येणार नाही, याबद्दल पागेत दुमत नव्हतं. माझी चिडचिड निराळी होती. असा वाजवणारा माणूस हाताशी, आणि मास्तरांनी त्याला द्यावं काय, तर ओसरीवरच्या गप्पा. मास्तर थकले, मी मनात म्हटलं.

आधीच्या काही महिन्यांत मामांमध्ये थोडा बदल झाला होता, तो मी बघितला होता, पण त्याचं काही केलं नव्हतं. त्यांनी मिशा वाढवल्या होत्या, पार वरचा ओठ झाकेपर्यंत. तालमीला येताना कागदात गुळात घोळलेले कडक गुळदाणे आणायचे ते आणत, पण सगळे आम्हालाच वाटून टाकत. मी एकदा म्हटलं, “मामा, उपास धरलाय का?” ते म्हणाले, वय झालं की भूक ऱ्हात न्हाई. गणपतीनंतर एकदोनदा ‘ओठ फुटलाय’ म्हणून ते मागे बसून राहिले होते. मला वाटलं, म्हातारपण. सव्विसाव्या वर्षी म्हातारपण हे एकच उत्तर सगळ्याला पुरतं.

पारखीला आठ दिवस उरले आणि मास्तरांचा उजवा डोळा अगदीच मिटला. मुलाने त्यांना ऑपरेशनसाठी मिरजेला नेलं. जायच्या आधी त्यांनी मला घरी बोलावलं, टकटकी आणि ‘रविवार’चा मूळ कागद माझ्या हातात दिला. चौथऱ्यावर मी उभं राहायचं होतं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

“जे लिहिलंय ते वाजव,” मास्तर म्हणाले. “लय, पट्टी, भाव. तिन्हीत हात घालू नको.”

“नाही घालणार,” मी म्हणालो. आणि मी खोटं बोलत नव्हतो. त्या क्षणी मला तसंच वाटत होतं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी पागेत एकटाच बसलो होतो. टकटकी छप्पन्नवर लावली. टक… टक… दोन ठोक्यांच्या मधे माणसाला दिवास्वप्न पडावं. मला धामणस्कर साहेब खुर्चीत जांभई देताना दिसले. शेंगदाणेवाला दिसला. मी दांड्यावरचं वजन खाली सरकवलं आणि अठ्ठ्याऐंशीवर आणून सोडलं. मग क्लॅरिनेट काढला आणि तीच चाल चार सूर वर धरून वाजवली. आणि काय सांगू, ती चीज नाचायलाच लागली. तिच्यात केवढं सुख दडलं होतं आणि मास्तरांनी ते पोत्यात घालून ठेवलं होतं, असं मला वाटलं. मामांचे सोळा बार वरच्या पट्टीत कसे कडाडतील, साहेब खुर्चीतून कसे उठतील, हे मी डोळ्यांनी बघितलं. मी हे मामांसाठीच करतोय, असंही मी स्वतःला सांगितलं. त्यात अर्धं खरं होतं.

तीन दिवस बसून मी बावीस कागद नव्या पट्टीत उतरवले. बोटाला शाई आणि डोक्याला हवा. मग मास्तरांचा मूळ कागद समोर घेतला. नवं लिहायचं तर जुनं घालवायला हवं, म्हणून ब्लेडच्या पात्याने त्या तिन्ही ओळी खरवडून काढल्या. कागद तिथे पातळ झाला, उजेडाला धरला तर पलीकडचं दिसायला लागलं. त्यावर मी लिहिलं: लय, अठ्ठ्याऐंशी. पट्टी, ई-फ्लॅट. भाव, उल्हास.

शुक्रवारी तालीम झाली. मंडळी खूश. कॉर्नेटवाले पारशे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की गड्या, आता कुठं जीव आला. मामांनी आपले सोळा बार अगदी हळू, तोंडातल्या तोंडात म्हणावेत तसे वाजवले. मला वाटलं, रविवारसाठी दम राखून ठेवताहेत. थोर वाजवणारे तसं करतातच.

शनिवारची तालीम संपल्यावर सगळे गेले, तरी मामा वाद्य पुसत बसून राहिले. पितळ लखलखायला लागलं तरी पुसणं चाललेलंच. मी टकटकी गुंडाळत होतो.

“श्रीरंगा,” ते म्हणाले. “हे मास्तरांनी सांगितलंया व्हय? वर चढवायचं?”

आता मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? मला वाटलं, ते म्हणतील, मास्तरांच्या माघारी असं करू नये. जुनी माणसं अशीच. आणि बावीस कागद पुन्हा उतरवायचे? मी म्हणालो, “हो. मिरजेहून चिठ्ठी आली होती. त्यांनीच कळवलं.”

मामांनी फडकं घडी करून ठेवलं. “मास्तरांनीच सांगितलं असंल तर मग झालं,” ते म्हणाले. वाद्य पेटीत ठेवताना त्यांनी ते क्षणभर मांडीवर धरून ठेवलं, ते मी बघितलं. पण मी घाईत होतो. मला लाल कोटाची बटणं घासायची होती.

रविवारी बाग फुलून गेली होती. पारख म्हणून गाव लोटलं होतं. पहिल्या रांगेत धामणस्कर साहेब, मांडीवर कागद, हातात पेन. मी काठी उचलली आणि ‘रविवार’ सुरू झाली, आणि पहिल्या मिनिटातच मला कळलं की गाव आपलं झालं. पोरं ताल धरून उड्या मारत होती. शेंगदाणेवाल्याने पुडी बांधणं सोडलं होतं. मी मामांकडे वळलो आणि काठीने त्यांना बोलावलं.

पहिला बार आला. दुसरा आला. तिसऱ्याला चाल वर चढली आणि मामांचा सूर फुटला. फाटलेल्या धोतरासारखा टर्रकन आवाज झाला. त्यांनी पुन्हा ओठ लावले, पुन्हा हवाच आली. मग मी ते बघितलं जे इतके महिने बघितलं नव्हतं. मामांनी तोंडातून काहीतरी चिमटीत धरून काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. पुढचे दोन दात होते ते, कवळीचे. मग त्यांनी पुन्हा वाद्य तोंडाला लावलं, बोटं बरोबर त्या त्या जागी पडत होती, गाल फुगत होते, आणि आवाज मात्र येत नव्हता.

चौथऱ्यावर भोक पडल्यासारखं झालं. मी काठी खाली टाकली, क्लॅरिनेट उचलला आणि उरलेले बार मी वाजवले. चांगले वाजवले, हे सांगायलाच हवं, त्याचीच लाज वाटते. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

एक फेब्रुवारीपासून मी मदतनीस बँडमास्तर झालो आणि तायाप्पामामा सांगली रस्त्याच्या जकात नाक्यावर गेले. जाताना पागेत येऊन त्यांनी लाल कोट घडी करून कडीला अडकवला. मला म्हणाले, ब्येस वाजीवलंस. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

मास्तर तीन आठवड्यांनी आले, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. सगळं त्यांना आधीच कळलं होतं. मी आपला तोंडाला येईल ते बोलत होतो, मामांनी दातांचं सांगायला हवं होतं, मला स्वप्न पडलं होतं का, वगैरे. मास्तरांनी हात वर केला.

“मला कोणी सांगितलं होतं?” ते म्हणाले. “मला ऐकू आलं. गणपतीत. वरचा सूर लावताना तायाप्पा अडला. दात गेले की पितळेला आधार राहत नाही रे. वरचे सूर जातात, जलद जीभ मारता येत नाही. पण खालचे राहतात. सावकाश दिलं तर फार गोड राहतात.” मग त्यांनी चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. “पंधरा दिवस मी तालमीच्या आधी येऊन दाराआड बसलो. तो एकटा वाजवायचा. कुठला सूर येतो, कुठला नाही, मी लिहून घेतलं. जेवढे उरले होते तेवढ्यांतच ‘रविवार’ बसवली. तुला कागद दिला तेव्हा सांगायचं होतं. मग म्हटलं, माणसाची झाकली मूठ आपण का उघडायची? लिहिलंय तेवढं वाजवलं असतंस तरी पुरे होतं.”

मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दिली नाही. मूळ कागद मागितला, बोटाने ती खरवडलेली जागा चाचपली आणि परत दिला. मी शनिवारचं खोटं तेवढं सांगून टाकलं. मिरजेच्या चिठ्ठीचं. ते ऐकल्यावर मास्तर उभे होते ते खाली बसले.

“हे मला नको सांगू,” ते म्हणाले. “त्याला सांग. आत्ता जा.”

दुपारची वेळ होती. सायकल घेऊन मी नाक्यावर गेलो. मामा खाकी शर्टात बाकावर बसले होते. मिशा काढून टाकल्या होत्या, आता लपवायला काही उरलं नव्हतं. मला बघून ते हसले, आणि तो दोन दातांचं खिंडार असलेला चेहरा मला इतका अनोळखी वाटला की मी वाटेत जुळवून आणलेलं सगळं विसरलो. उभ्या उभ्याच सांगितलं. चिठ्ठी आली नव्हती. मास्तरांनी काही कळवलं नव्हतं. लय मी वाढवली, पट्टी मी चढवली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

तेवढ्यात उसाची बैलगाडी आली. मामा उठले, बांबूच्या टोकाची दोरी सोडली, गाडी गेली, बांबू खाली घेतला, दोरी बांधली. हे सगळं त्यांनी फार सावकाश केलं. मग माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, “मास्तरांनी न्हाई सांगितलं?”

“नाही मामा.”

“खरं बोलतुयास न्हवं?”

“आईची शप्पथ.”

ते वळले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते हसत होते. मी मार खायच्या तयारीने गेलो होतो. याच्यासाठी माझी काहीच तयारी नव्हती.

“पयल्याच दिशी वाजीवलं तवाच कळलं हुतं मला,” ते म्हणाले. “अंगाच्या मापानं शिवल्यालं कापड अंगाला कळतंय की. एक सूर माझ्या आवाक्याभायेर न्हवता. दम लागायच्या आधी थांबा ठिवल्याला. मी म्हटलं, मास्तरांनी वळिकलंय, आन् वळकून झाकलंय. मग तू ते नवं कागूद आणलंस. म्हटलं, आता मास्तरच म्हणत असतील, पुरं झालं तायाप्पा, ऊठ. तर उठाय पायजे.” त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. “ह्या बांबूचं मला काय न्हाई रं. कुटंतरी हात हालवायचंच. मास्तरांनी मला टाकलं, ह्ये तीन हप्तं गिळत न्हवतं.”

मी रडायला लागलो. मामांनी मला बाकावर बसवलं, मडक्यातलं पाणी दिलं, आणि उलट माझीच समजूत घालत राहिले. तो दिवस आठवला की अजून मला घास गोड लागत नाही.

मी साहेबांकडे गेलो, सगळं कबूल केलं, मदतनीसगिरी परत घ्या म्हणालो. साहेब म्हणाले, कागद वर गेलाय, आता बदलता येत नाही. सरकारी कागदाला ब्लेड चालत नाही, ते आमच्याच कागदाला चालतं.

पण पास्कोल मास्तरही काही कमी नव्हते. त्यांनी नोंदवहीत युफोनियम ‘दुरुस्तीस’ म्हणून लिहिला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून माझ्याकरवी नाक्यावर धाडला. पुढे मामा निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सव्वातीन वर्षं, तो दुरुस्तीतच होता. बँडाला गुरुवारची सुट्टी असे. दर गुरुवारी दुपारी मी आणि मास्तर नाक्यावर जायचो. मास्तर बाकावर टकटकी ठेवून चावी द्यायचे, छप्पन्नवर. आणि आम्ही ‘रविवार’ वाजवायचो, मामा आणि मी, दोघंच. मधे कोणी ट्रकवाला आला तर चीज संपेपर्यंत त्याला थांबावं लागायचं. पहिल्यांदा ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. पुढे पुढे इंजिन बंद करून खाली उतरायला लागले.

पहिल्या गुरुवारी मामांनी आपले सोळा बार वाजवले तेव्हा मला कळलं की मी काय खरवडलं होतं. एकही सूर चढला नाही, एकही धावला नाही. एक म्हातारा माणूस दुसऱ्याशी बोलत होता, मधे मधे थांबत होता, आणि त्या थांब्यांतही काहीतरी सांगत होता. वाजवून झाल्यावर मामांनी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी मामांकडे. दातांचा विषय दोघांनीही काढला नाही. शेवटपर्यंत नाही.

त्या दिवशी परत निघताना मास्तरांनी खिशातलं पेन मला दिलं आणि म्हणाले, कागदावर होतं ते परत लिही. मी नाक्याच्या बाकावर बसून लिहिलं. खरवडलेल्या कागदावर शाई ठरत नाही, ती फुटते. तिन्ही ओळी पसरल्या.

मास्तर गेले, मामा गेले, जकात नाका गेला, बँडही बंद पडला. माझी पंच्याहत्तरी उलटली, आणि कवळी रोज सकाळी वाटीतून काढून घालतो. गेल्या महिन्यात हायस्कूलच्या बँडाच्या नव्या बाई, देवयानी केंगार, जुने कागद मिळतील का म्हणून घरी आल्या. ट्रंक उघडून दिली. एकेक कागद बघता बघता त्या एकावर थांबल्या, उजेडाला धरून बघितला.

“आजोबा,” त्या म्हणाल्या, “हा आकडा नीट लागत नाही. छप्पन्न आहे की काय? चुकून पडलाय का?”

“छप्पन्नच,” मी म्हणालो. “जरा बसा बाई. घाई नाही ना?”